कमरेतला हॉटस्पॉट

पहाटे चारला झोपमोड करणारी कंबर, हातात आलेला ‘बोन स्कॅन’चा कागद आणि त्यावरचं एकच वाक्य... घाबरण्याआधी किंवा निर्धास्त होण्याआधी हे वाचा!

ऑफिसमध्ये एकदा मोठ्याने विचारून बघा, ‘कंबर कुणाकुणाची दुखते?’ निम्मे हात वर जातील आणि उरलेले निम्मे कमरेवर असतील! मग प्रत्येकाकडे आपापला व्हिलन तयार असतो. खुर्ची, लॅपटॉपची बॅग, बाइक, रस्त्यावरचे खड्डे, लोकलमधलं तासभर उभं राहणं, नाहीतर गेल्या रविवारी सिंहगडावर केलेला पराक्रम. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा व्हिलन यांच्यापैकीच कुणीतरी असतो. असं दुखणं काही आठवड्यांत निवळतं, आपण ते विसरतो आणि पुन्हा त्याच खुर्चीत वाकडे होऊन बसतो.

पण एक कंबरदुखी वेगळी असते. ती चोरपावलांनी येते. नक्की कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. वय चाळिशीच्या आतलं, बऱ्याचदा विशी-तिशीतलं. दिवसभर धावपळ केली तर ही कंबर फारशी तक्रार करत नाही, पण आराम केला की ठणकायला लागते! पहाटे तीन-चारला जाग येते, उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर लाकडासारखी ताठ. वीकेंड लोळून काढला की सोमवारी जास्त हाल. दुखणं अगदी खाली, बसायच्या जागेपाशी. कधी उजवीकडे, तर कधी डावीकडे.

डॉक्टरमंडळी याला ‘इन्फ्लमेटरी बॅक पेन’ म्हणतात. म्हणजे ताण पडून दुखणारी नव्हे, आतून दाह झाल्यामुळे दुखणारी कंबर. हे वर्णन वाचताना तुमची मान आपोआप हलत असेल, तर पुढचं पान उलटू नका.

खळ्यांच्या आतला सांधा

पाठीवर, कमरेच्या खाली, बऱ्याच जणांना दोन खळ्या असतात. लो-वेस्ट जीन्सच्या जमान्यात त्यांना फार बरे दिवस आले होते! त्या खळ्यांच्या आत, खोलवर आपल्या आजच्या कथेचा हीरो आहे. पाठीचा कणा जिथे संपत येतो तिथलं त्रिकोणी हाड म्हणजे सॅक्रम. त्याच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरलेली हाडं म्हणजे इलियम. या दोघांना जोडणारा सांधा तो सॅक्रोइलियाक, थोडक्यात एसआय जॉइंट. उजवीकडे एक, डावीकडे एक. गुडघ्यासारखा हा वाकत-बिकत नाही, जेमतेम हलतो. पण धडाचं सगळं वजन पायांकडे पोचवायचं काम त्याचं. म्हणजे चोवीस तास ड्यूटी, आणि क्रेडिट शून्य.

या सांध्याला दाह झाला की त्याला म्हणतात सॅक्रोइलियायटिस. कारणं बरीच आहेत. तरुणांमध्ये सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणजे कण्याच्या संधिवाताचं एक कुटुंब. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थरायटिस आणि त्यातला सगळ्यांत जुना, नावाजलेला सदस्य अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. सोरायसिस किंवा आतड्यांचा क्रोन्स डिसीज असणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. आणि आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालत नाही: क्षयरोग. तो फक्त फुफ्फुसांत राहतो असं नाही, एखाद्या बाजूच्या एसआय जॉइंटमध्येही मुक्काम ठोकू शकतो.

संधिवात म्हणजे आजी-आजोबांचं दुखणं, ही समजूत इथे पार आडवी होते. क्रिकेटवेडे असाल तर मायकेल आथर्टन आठवत असेल. इंग्लंडच्या या कॅप्टनने १९९५ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीत दहा तासांहून जास्त वेळ किल्ला लढवत नाबाद १८५ धावा केल्या आणि हातातून गेलेली मॅच वाचवली. त्याला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस होता! ‘इमॅजिन ड्रॅगन्स’चा गायक डॅन रेनॉल्ड्स यानेही आपल्याला हाच आजार असल्याचं जाहीरपणे सांगितलंय.

या आजाराची मोठी अडचण म्हणजे उशीर. पहिल्यांदा दुखायला लागल्यापासून निदान होईपर्यंत जगभर सरासरी काही वर्षं निघून जातात. कारण साधं आहे. कंबर सगळ्यांचीच दुखते, आणि एक्स-रे सुरुवातीला काहीच बोलत नाही. सांध्याच्या कडा झिजल्यात, हाड घट्ट झालंय हे एक्स-रेमध्ये दिसायला बराच काळ जावा लागतो. १९८४ साली ठरलेले निदानाचे निकष एक्स-रेवरच उभे होते. म्हणजे नुकसान झाल्यावरच आजाराला नाव मिळायचं.

एक कागद, दोन अर्थ

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घ्या. वय २९, हिंजवडीत आयटी कंपनीत एचआरला. दोन वर्षं कंबर दुखतेय. आधी घरचा इलाज. आई म्हणाली, ‘अगं, रात्री तेल लावून शेक, आणि तो एसी बंद कर बघू.’ मग फिजिओ. मग कमरेच्या मणक्यांचा एमआरआय. त्यात एका चकतीला किंचित फुगवटा. झालं! सगळा दोष त्या चकतीवर. खरं तर असा फुगवटा कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांमध्येही दिसतो.

शेवटी कुणीतरी बोन स्कॅन सुचवला. रिपोर्टमध्ये एक वाक्य: दोन्ही एसआय जॉइंटमध्ये औषधाचं शोषण किंचित वाढलेलं आहे. एका डॉक्टरांनी तो कागद बघून सांगितलं, ‘सॅक्रोइलियायटिस आहे.’ दुसऱ्यांनी तोच कागद बघून सांगितलं, ‘हे नॉर्मल आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका.’ त्या रात्री तिचा फोन आला. ‘अगं, मला काहीतरी झालंय की नाही, एवढं तरी सांगा ना कुणीतरी!’

गंमत म्हणजे दोन्ही डॉक्टर पूर्ण चुकीचे नव्हते. का, ते कळायला आधी हा स्कॅन नेमकं काय बघतो ते समजून घ्यायला हवं.

रोज सकाळी धार काढायची!

एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येतात आणि आपल्यातून आरपार जातात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये उलटं. किंचित किरणोत्सर्गी असलेलं औषध शिरेतून शरीरात जातं आणि किरण आपल्यातून बाहेर पडतात. कॅमेरा ते टिपतो. म्हणजे काही तासांसाठी आपण स्वतःच दिवा होतो!

या दिव्याचं तेल म्हणजे टेक्निशियम. मूलद्रव्य क्रमांक ४३. १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोला एमिलियो सेग्रे आणि कार्लो पेरिए या दोघांनी ते शोधलं. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेला मॉलिब्डेनमचा एक तुकडा सेग्रेंना मिळाला होता, त्यात हे सापडलं. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून नावही ग्रीक भाषेतल्या ‘कृत्रिम’ या शब्दावरून.

त्याचं टेक्निशियम-९९एम हे रूप डॉक्टरांचं लाडकं. अर्धायुष्य फक्त सहा तास. म्हणजे सकाळी दहाला इंजेक्शन घेतलं तर दुपारी चारला किरणोत्सर्ग निम्मा, रात्री दहाला पाव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोळावा हिस्सा. त्यातलं बरंचसं लघवीवाटे बाहेर जातं ते वेगळंच.

पण सहा तासांत निम्मं होणारी वस्तू हॉस्पिटलपर्यंत पोचवायची कशी? याचं उत्तर १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मिळालं. टेक्निशियम पाठवायचंच नाही, त्याची ‘आई’ पाठवायची! मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तासांचं. ते एका छोट्या जनरेटरमध्ये भरून हॉस्पिटलला द्यायचं. आत सतत टेक्निशियम तयार होत राहतं, रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घ्यायचं. जगभरच्या लॅबमध्ये या यंत्राला लाडाने गाय म्हणतात, आणि या कामाला चक्क ‘धार काढणं’!

आणि ही गाय आटली की काय होतं, ते २००९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कॅनडातल्या चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बिघाडामुळे बंद ठेवावी लागली आणि अनेक देशांत स्कॅन पुढे ढकलायची वेळ आली.

हाडांपर्यंत पोचायला टेक्निशियमला सोबत लागते. १९७१ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूजला गोपाल सुब्रमणियन आणि जॉन मॅकाफी यांनी त्याला फॉस्फेटच्या संयुगाशी जोडलं. त्याच वाटेने १९७५ च्या सुमाराला एमडीपी हे संयुग आलं, आणि बोन स्कॅनसाठी आजही तेच मुख्यतः वापरलं जातं. आपल्याकडेही हे शास्त्र काल-परवाचं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ पासून आहे, आणि अशा औषधांचा सरकारी पुरवठा करणारी ‘ब्रिट’ ही संस्था आपल्या वाशीलाच.

सिमेंटचे ट्रक कुठे चाललेत?

आता मुद्द्याचं. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. तिथे सतत पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. एमडीपी जाऊन चिकटतं ते नव्या हाडाचं खनिज जिथे बसतंय तिथे, आणि जिथे रक्तपुरवठा जास्त आहे तिथे.

आपल्या शहरांच्या भाषेत सांगायचं तर एक्स-रे इमारतीचा फोटो काढतो. तडा गेलाय का, मजला वाढलाय का, ते दाखवतो. बोन स्कॅन इमारत बघतच नाही, सिमेंटचे ट्रक कुठल्या गल्लीत जास्त जातायत ते मोजतो. भिंत अजून शाबूत दिसत असली तरी गल्लीत ट्रकची रांग लागली की समजायचं, आत काहीतरी रिडेव्हलपमेंट चालू आहे! म्हणूनच एक्स-रे गप्प असताना बोन स्कॅन बोलू लागतो. स्कॅनवर ही जागा गडद दिसते, आणि रिपोर्टमध्ये तिचं नाव येतं, ‘हॉटस्पॉट’. वाय-फायवाला नव्हे!

मग अडचण कुठे आली? तीन ठिकाणी.

पहिली अडचण: एसआय जॉइंटच्या गल्लीत ट्रक कायमच असतात. धडाचा भार तिथून जातो, त्यामुळे ठणठणीत माणसाच्या स्कॅनमध्येही हा सांधा आजूबाजूच्या हाडापेक्षा गडद दिसतो. मग नेहमीचं गडद आणि आजाराचं गडद यातली रेघ कुठे मारायची? डोळ्यांवर भरवसा नको म्हणून १९७० च्या दशकापासून आकडेमोड सुरू झाली. सांध्यातून येणारे किरण मोजायचे, मधल्या सॅक्रममधून येणारे मोजायचे, आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. पण हे गुणोत्तर वयाप्रमाणे बदलतं, स्त्री-पुरुषांत बदलतं, प्रत्येक सेंटरची मोजायची पद्धतही वेगळी. निरोगी आणि आजारी लोकांचे आकडे एकमेकांत मिसळतात ते मिसळतातच.

दुसरी अडचण: बोन स्कॅन वाचताना डॉक्टर उजवी-डावी बाजू ताडून बघतात. एक बाजू गडद, दुसरी फिकी, म्हणजे गडबड. पण अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस बहुधा दोन्ही सांध्यांना सारखाच धरतो. मग तुलना कुणाशी करणार? दोघेही भाऊ सारखेच लाल असले तर ताप कुणाला आहे, ते कळणार कसं!

तिसरी अडचण: ट्रक का आलेत ते स्कॅन सांगत नाही. दाह असेल, लंगडत चालल्यामुळे एका बाजूवर आलेला भार असेल, बाळंतपणानंतर सांध्यावर आलेला ताण असेल, सांध्याची झीज असेल, बारीक फ्रॅक्चर असेल नाहीतर जंतुसंसर्ग. गल्ली तीच, ट्रक तेच. आणि उलटही होतं. आजार खूप जुना होऊन सांधा पूर्ण जुळून गेला की बांधकाम संपतं, ट्रक थांबतात, आणि स्कॅन नॉर्मल दिसू शकतो!

आकडे काय म्हणतात?

२००८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस पक्का असलेल्या रुग्णांपैकीसुद्धा साधारण निम्म्याच लोकांमध्ये बोन स्कॅनने सॅक्रोइलियायटिस पकडला होता. निम्मे निसटले! आणि ज्यांना आजार नव्हता अशांपैकी सुमारे पाचातल्या एकावर उगाच शिक्का बसला होता.

म्हणजे स्कॅनने ‘आहे’ म्हटलं तरी संशय थोडासाच वाढतो, आणि ‘नाही’ म्हटलं तरी थोडासाच कमी होतो. परीक्षेत निम्मे मार्क आणि वर निगेटिव्ह मार्किंग, असा प्रकार. माझ्या मैत्रिणीच्या कागदाचे दोन अर्थ निघाले ते यामुळेच. ‘किंचित वाढलेलं’ या दोन शब्दांत दोन्ही अर्थ मावतात.

२००९ मध्ये या आजाराचे नवे आंतरराष्ट्रीय निकष आले. त्यांनी एक्स-रेच्या जोडीला एमआरआयला जागा दिली, बोन स्कॅनला नाही. २०१५ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर स्पष्टच लिहिलं: सॅक्रोइलियायटिसच्या निदानासाठी बोन स्कॅन सुचवू नये.

एमआरआय काय वेगळं करतो? तो ट्रक मोजत नाही, भिंतीतली ओल दाखवतो. दाह झालेल्या हाडाच्या आत पाणी साठतं, आणि ‘स्टर’ नावाच्या खास पद्धतीने घेतलेल्या प्रतिमांमध्ये ते पांढरंशुभ्र चमकतं. शिवाय किरणोत्सर्ग शून्य. मात्र इथे एक मेख आहे. नेहमीचा ‘कमरेचा एमआरआय’ मणक्यांवर लक्ष ठेवून काढलेला असतो. एसआय जॉइंट त्यात जेमतेम कडेला येतात, कधी येतही नाहीत. त्यामुळे चिठ्ठीवर ‘एसआय जॉइंटचा एमआरआय’ असं स्वच्छ लिहिलेलं असायला हवं. माझ्या मैत्रिणीचा हाच एमआरआय संधिवाततज्ज्ञांनी, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी करायला लावला. दोन्हीकडे ओल निघाली. दोन वर्षांनी आजाराला नाव मिळालं आणि दोन आठवड्यांत औषधाने पहाटेची जाग थांबली.

अर्थात एमआरआयलाही देव्हाऱ्यात बसवू नका. नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, धावपटू, एवढंच काय, काहीही त्रास नसलेली माणसं यांच्यातही थोडी ओल दिसू शकते, हे नंतरच्या अभ्यासांत दिसून आलंय. म्हणून निदान करायचं असतं माणसाचं, फिल्मचं नाही. कंबर कशी दुखते, डोळा कधी लाल होऊन ठणकला होता का, टाच दुखते का, घरात कुणाला असा संधिवात आहे का, रक्तात दाहाच्या खुणा आहेत का, ‘एचएलए-बी२७’ हा जनुक आहे का, हे सगळं एकत्र मांडून बघावं लागतं. त्या जनुकाचंही तसंच. आजाराशी त्याचं नातं १९७३ मध्येच उघड झालं, पण तो असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

मग बोन स्कॅन बाद?

छे! त्याचं काम वेगळं आहे, आणि ते तो झकास करतो.

एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंत सगळा सांगाडा बघायचा असेल तर बोन स्कॅनसारखा सोपा मार्ग नाही. दुखणं नेमकं कुठून येतंय तेच कळत नसेल, कॅन्सर हाडांत पसरलाय का ते बघायचं असेल, हाडाच्या जंतुसंसर्गाचा संशय असेल, धावणाऱ्यांच्या हाडाला एक्स-रेत न दिसणारी चीर गेली असेल, तर हा स्कॅन कामाला येतो. हाडं ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांमध्ये सॅक्रमला बारीक फ्रॅक्चर झालं तर स्कॅनवर इंग्रजी एच अक्षराचा आकार उमटतो. डॉक्टर त्याला म्हणतात ‘होंडा साइन’. गाडीवरच्या लोगोसारखा दिसतो म्हणून!

ज्यांना एमआरआय करताच येत नाही, म्हणजे काही प्रकारचे पेसमेकर, कानातले इम्प्लांट किंवा बंद बोगद्याची प्रचंड भीती असणारे लोक, त्यांच्या बाबतीत डॉक्टर आधी सीटी स्कॅनचा विचार करतात, आणि गरजेप्रमाणे बोन स्कॅनचीही मदत घेतात. साधा सपाट स्कॅन आणि ‘स्पेक्ट-सीटी’ यातही फरक आहे. स्पेक्टमध्ये कॅमेरा भोवती फिरून त्रिमितीय चित्र घेतो आणि सीटी त्याच वेळी हाडाची रचना दाखवते, म्हणजे ट्रक आणि इमारत एकाच फोटोत. फ्लोराइड वापरून केलेला पेट स्कॅनही हाडाची बांधणी बारकाईने दाखवतो. पण एसआय जॉइंटच्या रोजच्या निदानात यांपैकी कुणीही अजून एमआरआयची जागा घेतलेली नाही.

स्कॅनच्या दिवशी...

डॉक्टरांनी विचारपूर्वक बोन स्कॅन सांगितला असेल तर घाबरायचं कारण नाही. दिवस साधारण असा जातो.

उपाशीपोटी जायची सहसा गरज नसते. हाताच्या शिरेत एक साधं इंजेक्शन. कधी कधी लगेच पहिले फोटो घेतात, त्यावरून रक्तपुरवठा कळतो. मग दोन ते चार तास सुट्टी! या वेळात भरपूर पाणी प्यायचं आणि वारंवार बाथरूमला जायचं. स्कॅनच्या अगदी आधी तर नक्कीच, कारण भरलेलं मूत्राशय स्कॅनवर चमकतं आणि नेमका सॅक्रमचा भाग झाकू शकतं. मग टेबलावर अर्धा-पाऊण तास शांत पडायचं. कॅमेरा जवळ येतो, पण एमआरआयसारखी धडधड नाही आणि बंद बोगदाही नाही. एखादं पुस्तक सोबत न्या, वाट बघायच्या वेळात वाचून होईल!

किरणोत्सर्गाचं म्हणाल तर साध्या बोन स्कॅनमध्ये साधारण तीन ते पाच मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. निसर्गातून, म्हणजे माती, हवा आणि आकाशातून, जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दीड-दोन वर्षांचा कोटा एका दिवसात. गरज असेल तर हा सौदा चांगला आहे, पण ‘आलोच आहोत तर करून टाकू’ म्हणून करण्याएवढा फुकटचा नाही. सोबत सीटी जोडली तर डोस आणखी वाढतो.

गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर इंजेक्शनच्या आधीच सांगा. त्या दिवशी लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नका आणि गरोदर बायकांपासून थोडं अंतर ठेवा. आणि खास कॉर्पोरेट सूचना: पुढच्या एखाद-दोन दिवसांत परदेशाचं फ्लाइट असेल तर सेंटरकडून चिठ्ठी घेऊन ठेवा. काही विमानतळांवरचे किरणोत्सर्ग शोधणारे सेन्सर तुमच्यामुळे वाजू शकतात!

डॉक्टरांना हे विचारा

* माझी कंबरदुखी दाहाची वाटते की ताणाची? कशावरून?
* हा स्कॅन पॉझिटिव्ह आला तर पुढे काय बदलेल? निगेटिव्ह आला तर काय? (दोन्हीचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर स्कॅन कशाला?)
* एमआरआय का नको? आणि करायचा तर एसआय जॉइंटचाच ना?
* मी संधिवाततज्ज्ञांना दाखवायला हवं का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तीन महिन्यांहून जास्त काळ, चाळिशीच्या आत, पहाटे जागं करणारी आणि हालचालीने बरी होणारी कंबरदुखी असेल, तर सगळे स्कॅन नॉर्मल असले तरीही ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं दार ठोठावायला हरकत नाही. आणि मुलींनो, ‘हा पुरुषांचा आजार आहे’ ही जुनी समजूत आता मागे पडलीय. एक्स-रेमध्ये अजून न दिसणाऱ्या टप्प्यावर बायका आणि पुरुष जवळपास सारख्याच संख्येने सापडतात.

आणि वेळेत कळलं तर करण्यासारखं खूप आहे. रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग, हौस नव्हे. दाह कमी करणाऱ्या साध्या गोळ्या बऱ्याच जणांना लागू पडतात. त्यांनी भागलं नाही तर २००३ पासून या आजारासाठी बायोलॉजिक इंजेक्शनं आली, गेल्या काही वर्षांत नव्या प्रकारच्या गोळ्याही. बायोलॉजिक सुरू करण्याआधी लपलेला क्षयरोग नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. सिगारेट ओढत असाल तर ती या आजारात कण्याचं जास्त वाटोळं करते, तेव्हा चहाच्या टपरीवरचा तो ब्रेक फक्त चहाचाच ठेवा.

स्कॅनच्या कागदावर गडद ठिपका असो वा नसो, पहाटे चारला तुम्हाला कोण उठवतं, हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. डॉक्टरांकडे जाताना फाइल न्याच, पण त्याच्या आधी आठवडाभर मोबाइलमध्ये एवढं लिहून ठेवा: किती वाजता जाग आली, सकाळी ताठपणा किती मिनिटं टिकला, कशाने बरं वाटलं. सात दिवसांच्या सात ओळी. त्यांच्यात ना किरणोत्सर्ग, ना बिल. आणि सगळ्यांत आधी बघायला हवा तो हाच रिपोर्ट!